संग्रहालयातून थेट घरी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संग्रहालयाने जुन्या वस्त्रांचे प्रदर्शन भरवले होते. उद्घाटनाच्या संध्याकाळी आम्हा दोघा-तिघांना कविता वाचायला बोलावले होते. माझे अब्बा सोलापुरात मागावर काम करायचे. आधी हातमाग, नंतर दुसऱ्याच्या कारखान्यातला यंत्रमाग. अब्बांवर लिहिलेली एक कविता मी त्या दिवशी पहिल्यांदाच चारचौघांत वाचणार होतो.

माझी थोरली बहीण गुडघ्यांनी अधू झाली आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. लहानपणी अब्बांच्या मागापाशी बसून कांड्या भरायची ती. माझ्यापेक्षा कितीतरी अधिक सूत तिच्या बोटांखालून गेले आहे. त्या कार्यक्रमाला खरे तर तीच समोर बसायला हवी होती. पण इतका प्रवास तिला झेपण्यासारखा नव्हता. संयोजक म्हणाले, "काळजी करू नका, आपण कार्यक्रम लाईव्ह करतोय. घरबसल्या मोबाईलवर दिसेल." भाच्याने आपाला मोबाईल लावून दिला. उशीला टेकवून ती तासभर बघत बसली.

रात्री मी फोन केला. आम्ही घरात दखनी बोलतो, पण मराठीत सांगायचे तर आपा म्हणाली, "छान दिसत होतास. ओठ हलत होते. पण काय म्हणालास ते कळलं नाही रे. नुसता घुमल्यासारखा आवाज येत होता. शेवटी टाळ्या वाजल्या, तेव्हा समजलं, संपलं."

मला वाईट वाटले. कविता पुन्हा फोनवर वाचून दाखवता आली असती, पण तो धीर माझ्यात नव्हता. काही गोष्टी एकदाच वाचता येतात.

दुसऱ्या दिवशी मी चौकशी केली. कोणाचा दुष्टपणा नव्हता. सभागृहाच्या शेवटच्या रांगेमागे एक मोबाईल स्टँडला लावून ठेवला होता. माझ्यासमोर माईक होता खरा, पण त्या माईकचा आवाज भिंतीवरच्या कर्ण्यांकडे जात होता, मोबाईलकडे नव्हे. मोबाईल स्वतःच्या इवल्याशा माईकमधून, पन्नास फुटांवरून, पंखे, खुर्च्या आणि दगडी भिंतींचा घुमार यांच्यासकट जे येईल ते गोळा करत होता. सभागृहातल्या माणसाचे कान हुशार असतात. नको तो आवाज ते बाजूला सारतात. माईकला ते येत नाही. त्याला सगळे सारखेच.

तेव्हापासून 'लाईव्ह' हा शब्द ऐकला की मी विचारतो, म्हणजे नेमके काय करणार आहात? आज तेच थोडे तुमच्यापुढे मांडायचे आहे.

थेट प्रक्षेपण आपल्याला नवे नाही. चहाच्या टपरीवर ट्रान्झिस्टरभोवती जमून क्रिकेटचे धावते वर्णन ऐकलेली आपली पिढी. मैदान दिसत नव्हते, पण बॅटचा टोला आणि प्रेक्षकांचा गलका ऐकू आला की आपण तिथेच असायचो. मग दूरदर्शन आले. १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धा रंगीत दिसल्या. तेव्हा थेट प्रक्षेपण म्हणजे मोठी गाडी, उपग्रह आणि सरकारी यंत्रणा. आज तेच काम चार-पाच माणसांचा चमू दोन-तीन पेट्यांमधले सामान आणि इंटरनेट यांवर करतो. म्हणून तर ते संग्रहालयासारख्या शांत, कमी पैशांच्या जागेतही येऊन पोहोचले.

पण संग्रहालय म्हणजे मैदान नव्हे. तिथली वस्तू हलत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे मडके आज जसे आहे तसेच उद्याही असणार. मग त्यात 'थेट' ते काय? हा प्रश्न इंग्लंडमधल्या दोन मोठ्या संस्थांपुढे आला होता आणि त्यांनी दिलेली उत्तरे समजून घेण्यासारखी आहेत.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत नोव्हेंबर २०११मध्ये लिओनार्दो दा विंचीच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. लिओनार्दोची चित्रे जगात मोजकीच उरली आहेत. 'व्हर्जिन ऑफ द रॉक्स' या चित्राच्या दोन आवृत्त्या आहेत, एक पॅरिसला आणि एक लंडनला. त्या दोन्ही त्या वेळी एकत्र पाहायला मिळणार होत्या. गर्दी अनावर होणार हे ठरलेलेच. चित्रांपुढे माणसाला उभे तरी राहता यावे म्हणून दर अर्ध्या तासाला आत सोडायच्या लोकांची संख्या मुद्दाम कमी ठेवली होती. म्हणजे असंख्य लोक बाहेर राहणार. त्यावर उपाय म्हणून, प्रदर्शन लोकांसाठी उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी, ८ नोव्हेंबरला, दालनातून एक कार्यक्रम थेट ब्रिटनभरच्या चित्रपटगृहांत दाखवण्यात आला. लोक आपापल्या गावच्या थिएटरात तिकीट काढून लिओनार्दो बघायला बसले.

पुढे १८ जून २०१३ रोजी ब्रिटिश म्युझियमने तोच मार्ग धरला. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पाँपेई आणि हर्क्युलेनियम ही रोमन शहरे गाडली गेली. तिथल्या वस्तूंचे प्रदर्शन संग्रहालयात चालू होते. जळून कोळसा झालेला, तरी आकार शाबूत राहिलेला एक पाव होता. लाकडी पाळणा होता. तोही कोळसा झालेला. शेवटच्या क्षणी वळवळणाऱ्या कुत्र्याचा प्लास्टरचा ठसा होता. संग्रहालय बंद झाल्यावर रिकाम्या दालनांतून हे सारे शेकडो मैलांवरच्या चित्रपटगृहांत थेट दाखवले गेले. त्यासाठी नुसते कॅमेरे फिरवले नाहीत. रोमन इतिहासाच्या अभ्यासक मेरी बिअर्ड यांच्यासारखी माणसे बोलती केली. जॉर्जो लोकातेली या इटालियन स्वयंपाक्याने त्या जळक्या पावावरून तसा पाव आजच्या भट्टीत कसा होईल ते करून दाखवले.

म्हणजे उत्तर असे की संग्रहालयातली वस्तू 'थेट' नसते, तिच्याभोवतीची माणसे थेट असतात. जाणकाराने वस्तूकडे दाखवलेले बोट, बोलता बोलता आलेला थांबा, प्रश्न आल्यावर झालेली पंचाईत, हे सारे त्या क्षणाचे असते. ते टिपायला यंत्रणा लागते आणि ती यंत्रणा चालवणे हे शिकून येणारे काम आहे.

पहिल्या फजितीनंतर दोन वर्षांनी त्याच संग्रहालयाने मला पुन्हा बोलावले. या वेळी त्यांनी थेट प्रक्षेपणाचे काम एका व्यावसायिक चमूकडे दिले होते. मी मुद्दाम तीन तास आधी जाऊन बसलो. चमूचा म्होरक्या पस्तिशीचा तरुण. जुन्या वस्तूंच्या जागी पाऊल जपून टाकणारा. मी त्याला आपाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "सर, चित्र थोडं खराब असलं तर लोक सोसतात. आवाज गेला की उठून जातात. म्हणून आम्ही आधी आवाज बघतो, मग चित्र."

त्याने काय केले ते सांगतो. वक्त्यासमोरच्या माईकची तार आवाजाच्या मिक्सरमध्ये गेली. तिथून दोन वाटा फुटल्या. एक सभागृहातल्या कर्ण्यांकडे, दुसरी थेट प्रक्षेपणाच्या यंत्राकडे. दुसऱ्या वाटेवर घुमार नाही, पंखा नाही, नुसता गळ्यातला आवाज. पण तोही कोरडाच ऐकू आला तर घरच्या माणसाला वाटेल, हा बंद खोलीत बसून बोलतोय. म्हणून प्रेक्षकांच्या बाजूला आणखी एक माईक टांगला होता. दाद, हशा, टाळ्या यांसाठी. तो हलक्या हाताने मिसळायचा, भाजीत मीठ घालावे तसा. शिवाय प्रत्येक वक्त्याला कॉलर माईक लावला तरी हातातला एक माईक राखून ठेवलेला. बॅटरी संपायची वेळ माणसाला विचारून येत नाही.

आपल्याकडची जुनी संग्रहालये बहुतेक अशा इमारतींत आहेत की ज्या बांधताना माईक ही वस्तूच नव्हती. मुंबईचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२मध्ये लोकांसाठी उघडले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२मध्ये. उंच छत, घुमट, फरशी, दगड. डोळ्यांना थंडावा देणाऱ्या या गोष्टी आवाजाला मात्र चेंडूसारख्या टोलवत राहतात. एक शब्द संपायच्या आत आधीच्या शब्दाचा पडसाद येऊन आदळतो. अशा जागी माईक ओठांच्या जितका जवळ, तितके बरे. यापेक्षा मोठे गुपित त्यात नाही.

आता उजेड. इथे संग्रहालय आणि कॅमेरा यांचे जन्मजात वैर आहे. कॅमेऱ्याला उजेड हवा, जुन्या वस्तूला तो नको. उजेडाने रंग उडतात, धागा कुजतो, आणि हे नुकसान साठत जाते. पुन्हा अंधारात ठेवले म्हणून गेलेला रंग परत येत नाही. म्हणून कापड, हस्तलिखिते, जलरंगातली चित्रे यांच्यावर साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवण्याची जगभरची प्रथा आहे. तैलचित्रांना २०० लक्सच्या आसपास चालतो. लक्स म्हणजे उजेड मोजायचे माप. तुमच्या-आमच्या कचेरीतल्या टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो, टीव्हीच्या स्टुडिओत त्याहून कितीतरी अधिक. आता हिशेब करा. ५०० लक्सचा दिवा एक तास लावला, तर कापडाला दहा तासांचा उजेड एका तासात लागला. कार्यक्रम तासाभराचा, पण कापडाचे वय दहा तासांनी सरले.

हल्लीच्या एलईडी दिव्यांनी उष्णता आणि अतिनील किरणांचा त्रास बराच कमी केला हे खरे. पण साध्या दिसणाऱ्या उजेडानेही रंग उडतो. म्हणून त्या तरुणाने दिवे वक्त्याच्या तोंडावर रोखले आणि काचेच्या कपाटाकडे उजेड जाऊ नये म्हणून दिव्यांना काळ्या पट्ट्यांचा आडोसा केला. वस्त्र टिपायचा कॅमेरा निराळा, कमी उजेडात पाहू शकणारा, मोठ्या तोंडाच्या भिंगाचा. संग्रहालयाच्या अभिरक्षक बाई हातात उजेड मोजायचे यंत्र घेऊन शेजारी उभ्या. त्यांनी मान हलवल्याशिवाय एकही दिवा लागला नाही.

इतरही पथ्ये होती. भिंतीला खिळा नाही, खांबाला शिकंजा नाही. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय कपाटापासून हातभर नव्हे, चांगले दोन मीटर दूर, म्हणजे धक्का लागून तो कलंडला तरी काचेवर पडायचा नाही. जमिनीवरच्या तारा चिकटपट्टीने दाबलेल्या आणि येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी पट्टीखाली झाकलेल्या. मला वाटले होते हे लोक यंत्रांची काळजी घेतील. ते आधी घराची काळजी घेत होते.

कॅमेरे तीन होते. एक सगळे व्यासपीठ दाखवणारा, एक वक्त्याच्या चेहऱ्यावर, एक वस्त्रांवर. तिन्हींची चित्रे एका टेबलावर येत होती. तिथे बसलेला माणूस बटणे दाबून ठरवत होता, या घडीला घरच्यांनी काय पाहायचे. या यंत्राला स्विचर म्हणतात. कॅमेऱ्यावरच्या माणसांच्या कानांत इयरफोन, त्यातून त्याच्या सूचना, 'दोन नंबर, थोडं जवळ जा. तीन नंबर, काठावर थांब.' प्रेक्षकांत बसलेल्या माणसाची नजर स्वतःच्या मर्जीने फिरते. घरी बसलेल्याची नजर या माणसाच्या हातात असते. म्हणून त्याला कार्यक्रम आधीच ठाऊक असावा लागतो. आमचीही तालीम झाली. कोण कुठे उभा राहील, कोणत्या कवितेच्या वेळी कोणते वस्त्र दाखवायचे, हे मिनिटामिनिटाने कागदावर लिहिले होते.

वस्त्र दाखवताना एक गंमत झाली. टेबलावरच्या पडद्यावर एका साडीवर पाण्यासारख्या लहरी उठल्या. साडी तर स्थिर. मी चकित झालो. तो तरुण म्हणाला, "सर, कॅमेऱ्याच्या आतही बारीक चौकटींची जाळी असते. कापडाची वीण आणि ती जाळी एकमेकींवर आल्या की असं होतं." खिडकीच्या एका जाळीआडून दुसरी जाळी पाहिली की लहरी दिसतात, तोच प्रकार. कॅमेरा थोडा जवळ नेला, लहरी गेल्या. नुसता महागडा कॅमेरा असून चालत नाही, तो कशासमोर ठेवला आहे याचे भानही लागते.

आता चित्र आणि आवाज एकत्र झाले. ते घरोघरी जाते कसे? हा भाग थोडा अवघड, पण आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून सांगतो. पूर्ण एचडी चित्रात सुमारे २० लाख ७० हजार ठिपके असतात आणि अशी २५ चित्रे एका सेकंदाला येतात. कॅमेऱ्याच्या तारेतून ही माहिती सेकंदाला जवळपास दीड अब्ज बिट या वेगाने धावते. तुमच्या मोबाईलपर्यंत एवढा लोंढा यायचा तर इंटरनेटचा कणा मोडेल. म्हणून मध्ये एन्कोडर नावाचे यंत्र असते. प्रेसमध्ये कापसाच्या ढिगाची गाठ बांधतात, तसे ते या माहितीची गाठ बांधते. दीड अब्जाचे साधारण पन्नास-साठ लाख होतात. म्हणजे अडीचशे भागांतला एक भाग उरतो.

एवढे दाबूनही चित्र चित्रासारखे कसे राहते? त्याची युक्ती साधी आहे. कविता वाचणाऱ्या माणसामागची भिंत हलत नाही. मग प्रत्येक वेळी ती भिंत नव्याने कशाला पाठवायची? आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच पाठवायचे, ओठ, हात, डोळे. म्हणून शांत कार्यक्रम स्वच्छ दिसतो आणि फुलांच्या पाकळ्या उधळल्या की चित्र फुटते. एकदम सगळेच बदलल्यावर यंत्राची तारांबळ उडते.

ही गाठ मग इंटरनेटवरून एका मोठ्या वितरण यंत्रणेकडे जाते आणि तिथून ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. ज्याचे इंटरनेट मंद, त्याला कमी दर्जाचे चित्र आपोआप मिळते. खेड्यातल्या माणसाला म्हणूनच चित्र धूसर दिसले तरी बंद पडत नाही. पण या सगळ्या बांधाबांधीला वेळ लागतो. माहितीचे काही सेकंदांचे तुकडे करून ते एकामागून एक धाडतात आणि तुमचा मोबाईल दोन-तीन तुकडे हाताशी साठवून मगच दाखवू लागतो. त्यामुळे 'थेट' म्हटले तरी घरी ते दहा-वीस, कधी तीस सेकंद उशिरा दिसते. सूत्रसंचालकाला हे माहीत नसेल तर तो विचारतो, "घरून कोणाचा प्रश्न आहे का?" आणि पाच सेकंदांत म्हणतो, "नाही वाटतं." घरच्या माणसाने तोवर प्रश्न ऐकलेलाही नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, दुसरी सोय. संग्रहालयाचे इंटरनेट पर्यटकांच्या मोबाईलांनी व्यापलेले असते, त्याच्यावर विसंबायचे नाही. प्रक्षेपणाला वेगळी तारेची जोडणी आणि ती तुटली तर दोन-तीन कंपन्यांची सिमकार्डे एकत्र बांधून चालणारे यंत्र. चित्राला जेवढा वेग लागतो त्याच्या दुप्पट वेग हाताशी असावा असा त्यांचा ठोकताळा. वीज गेली तर बॅटरी. आणि इंटरनेट पूर्णच बसले तर निदान कार्यक्रम हातचा जाऊ नये म्हणून तिथल्या तिथे वेगळे ध्वनिचित्रमुद्रण. कार्यक्रम एकदाच होतो, हे त्या मुलांना आम्हा कवींपेक्षा अधिक कळलेले दिसले.

यंत्रांइतकीच परवानग्यांचीही तयारी लागते. एखादे चित्र संग्रहालयाच्या मालकीचे असले म्हणजे ते जगभर दाखवायचा हक्क संग्रहालयाकडे असतोच असे नाही. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या कलाकृतीचा स्वामित्वहक्क टिकतो. एम. एफ. हुसेन २०११मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हा हक्क २०७१ संपेपर्यंत चालेल. दुसऱ्या संस्थेकडून उसनी आणलेली वस्तू असेल तर करारात चित्रीकरणाची मुभा आहे का ते पाहावे लागते. पाहुणे जमेपर्यंत एखादे सिनेमातले गाणे लावले, तर इंटरनेटवरची यंत्रणा ते आपोआप ओळखून कार्यक्रमाचा आवाजच बंद करू शकते. कवीचीही लेखी परवानगी घ्यावी. माझी घेतली, तेव्हा आपल्या कवितेला कोणीतरी कागदपत्रांच्या लायकीची मानले याचे बरेच वाटले.

आता एक शंका नेहमी येते. घरबसल्या सगळे दिसू लागले तर संग्रहालयात येणार कोण? धावते वर्णन सुरू झाले म्हणून मैदाने ओस पडली नाहीत. मोनालिसाचे चित्र तर कॅलेंडरपासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे आहे. तरी ती जिथे आहे त्या लूव्र संग्रहालयात २०२४ साली सुमारे ८७ लाख माणसे गेली. पाहिलेल्या गोष्टीची ओढ वाढते, घटत नाही. आणि ज्यांना येताच येत नाही त्यांचे काय? म्हातारी माणसे, आजारी माणसे, जिन्यापुढे हात टेकणारी माणसे, तिकीट परवडले तरी गाडीभाडे न परवडणारी माणसे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५मध्ये बस सजवून 'म्युझियम ऑन व्हील्स' गावोगाव पाठवायला सुरुवात केली, ती याच जाणिवेतून. बस जिथे पोहोचत नाही, तिथे मोबाईल पोहोचलेला आहे.

२०२०च्या करोनाने तर हा प्रश्न निकाली काढला. त्या वर्षी मे महिन्यात युनेस्कोने सांगितले, जगातली सुमारे ९० टक्के संग्रहालये, म्हणजे ८५ हजारांहून अधिक, कुलूपबंद झाली होती. तेव्हा अनेक संग्रहालयांना कळले की आपल्याकडे वस्तू आहेत, जाणकार आहेत, पण लोकांपर्यंत जायला रस्ता नाही. ज्यांनी आधी तयारी केली होती, त्यांची दारे बंद असूनही उघडी राहिली. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाचे उदाहरण मला आवडते. रेम्ब्रांटचे १६४२ सालचे 'नाइट वॉच' हे प्रचंड चित्र दुरुस्तीसाठी आत हलवण्याऐवजी त्यांनी जुलै २०१९पासून त्याच्याभोवती काचेची खोली उभारली. तपासणीचे काम लोकांसमोर आणि इंटरनेटवरूनही पाहता येईल असे ठेवले. एरवी बंद दाराआड होणारे, मुंगीच्या पावलांनी चालणारे काम. पण दुरुस्ती करणाऱ्याचे हात पाहायला मिळणे ही छोटी गोष्ट नव्हे.

आपल्या जिल्ह्या-तालुक्यांतल्या लहान संग्रहालयांना एवढा सरंजाम परवडायचा नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना मी एवढेच सांगेन, पैसे थोडे असतील तर आधी आवाजावर खर्च करा. माईकची तार प्रक्षेपणापर्यंत न्या. एकच कॅमेरा असला तरी तो पुढे आणा. कोणालातरी दुसऱ्या खोलीत बसवून, कानाला मोबाईल लावून, पहिल्या मिनिटापासून ऐकायला सांगा. आमच्या पहिल्या कार्यक्रमात असा एक माणूस असता तर पाचव्या मिनिटाला धावत आला असता. आणि कार्यक्रम संपल्यावर ते मुद्रण नीट जपा. तारीख, वक्त्यांची नावे, विषय लिहून ठेवा. ऐकू न येणाऱ्यांसाठी खाली मजकूर घाला. आज जो कार्यक्रम आहे, तो पन्नास वर्षांनी संग्रहालयातलीच एक वस्तू होणार आहे.

तर त्या दुसऱ्या संध्याकाळी मी अब्बांवरची तीच कविता पुन्हा वाचली. रात्री भीत भीत फोन केला. आपाने सगळे ऐकले होते. कवितेबद्दल ती फारसे बोलली नाही. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अब्बा धोटा फेकताना खाकरायचे, ते तू लिहिलंयस, मी विसरले होते." आणि लगेच दुसऱ्याच विषयावर गेली. "ती निळ्या काठाची साडी दाखवली ना, तिच्या पदराजवळ एक धागा तुटून सांधलाय. विणतानाच तुटलाय. नंतरची दुरुस्ती नाही ती."

मी तर त्या साडीपासून दहा फुटांवर उभा होतो. मला काहीच दिसले नव्हते. पुढच्या आठवड्यात मी संग्रहालयात गेलो आणि अभिरक्षक बाईंना जरा संकोचानेच हे सांगितले. त्यांनी भिंग आणले. बराच वेळ त्या वाकून पाहत राहिल्या. मग मला बोलावले. पदराच्या चार बोटे अलीकडे मोहरीच्या दाण्याहून बारीक अशी गाठ होती.

बाईंनी नोंदवही काढली, त्या साडीचे पान उघडले आणि मला विचारले, "आपल्या भगिनींचं पूर्ण नाव काय?"

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)